नूरैनला कुजबुजता येत नाही

माझी मुलगी कुठेतरी ओरडेल आणि ते तिला महागात पडेल, ही काळजी मला ती जन्मली तेव्हापासून आहे. अलिबागच्या दवाखान्यात तिने पहिला टाहो फोडला तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई दचकून म्हणाली होती, "जुळी आहेत का हो?" खोलीतले सगळे हसले, मीही हसले. पण काळजी तेव्हाच सुरू झाली. आज मध्यरात्र उलटून गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे, तरी ती पुरती गेलेली नाही. नूरैन अजून घरी आलेली नाही. ती किनाऱ्यावर आहे.

काशीदच्या पुढचं आमचं गाव लहान आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूची झाडं, मग वाळू. आमच्यातले निम्मे पुरुष आखातात असतात. नूरैनचे अब्बा मस्कतला एका मोठ्या दुकानात आहेत. त्यांचे मोठे भाऊ हमदुल्ला इथेच राहिले आणि त्यांनी किनाऱ्यावर होमस्टे काढला. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. नूरैन लहानपणापासून त्यांच्याच अंगणात वाढली, आणि तिचा आवाजही तिथेच वाढला.

शाळेत लाउडस्पीकर बिघडला की बाई तिला स्टेजवर बोलवायच्या. लग्नघरात "वऱ्हाड आलं" ही बातमी तीच मांडवभर पोचवायची. माझी नणंद म्हणायची, "हळू बोल गो, समुद्रापलीकडे बापाला ऐकू जाईल."

"जाऊ दे ना फुपी," ही म्हणायची, "अब्बांना तरी कळेल घरात कोण आहे ते."

बी.एस्सी. झाल्यावर तिने नवी मुंबईत फोनवर बोलण्याची नोकरी धरली. तिथे दोन टेबलं पलीकडच्या मुलींना आपल्या गिऱ्हाइकांचं ऐकू येईना. वर्षभरात ती परत आली आणि म्हणाली, "अम्मी, तिथे सगळ्यांना एकाच मापाचा आवाज लागतो." मी तिचं सामान उतरवून घेतलं आणि पुढे काय, हे विचारायचं टाळलं.

पुढे कासवं आली. तशी ती आमच्या किनाऱ्यावर नेहमीच येत होती. थंडीच्या दिवसांत समुद्री कासवाची मादी रात्री वाळूवर चढते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि पहाटेच्या आत परत जाते. वनखात्याने गावातल्या काही मुलामुलींना शिकवलं, अंडी जपायला जाळीचं कुंपण घातलं. पिल्लं निघाली की ती समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले. नूरैनला एवढं पुरेना. तिला लोकांना आई दाखवायची होती. रात्री, अंधारात, थोड्याच माणसांना बरोबर नेऊन. रीतसर परवानगी मिळेपर्यंत तिने वनखात्याच्या माणसांचा पिच्छा सोडला नाही. ते कान झाकून हो म्हणाले असावेत.

पण अडचण अशी की कासवीण अंडी घालायला लागेपर्यंत फार बिचकते. जरा उजेड दिसला, आवाज झाला, की अर्ध्या वाटेवरून वळते. आणि असल्या कामाला आमची नूरैन!

"तुला कुजबुजता तरी येतं का?" मी विचारलं.

तिने तोंडावर हात धरून कुजबुजून दाखवलं. चुलीजवळ झोपलेली मांजर उठून बाहेर गेली.

मग तिने दोराची युक्ती काढली. हमदुल्लाचाचांच्या शेडमध्ये रापणीचा जुना दोर पडून होता. रापण म्हणजे सगळं गाव मिळून किनाऱ्यावरून ओढतं ते मोठं जाळं. त्या दोराला तिने हातभर अंतरावर गाठी मारल्या. पाहुण्यांनी मोबाइल टोपलीत टाकायचे, एकेक गाठ धरायची आणि तिच्या मागून ओल्या वाळूवरून चालायचं. पुढे ती, हातात बॅटरी नाही. दोराला एक हिसका बसला की थांबायचं, दोन बसले की खाली बसायचं. बोलायची सगळी हौस ती निघण्याआधी सुरूच्या झाडांखाली भागवून घ्यायची.

चाचा दोर देताना म्हणाले, "आमच्या आजोबांनी यावर सुरमई ओढली. तू आता पुणेकर ओढ."

"तुमच्या खांबावरचा हॅलोजन बंद करा चाचा, मग कासवं पण ओढते."

"तेवढं नको बोलू. माझ्या पाहुण्यांना अंधाराची भीती वाटते."

म्हणून ती किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेणूबाईंच्या वाडीच्या बाजूला फिरू लागली. तिथे काळोख होता.

वेणूबाई आमच्या जुन्या शेजारीण. वाडी स्वतः सांभाळतात, लेकी सासरी, एक मुलगा पनवेलला. संध्याकाळी नूरैन त्यांच्या पडवीत बसून कासवांच्या गोष्टी सांगायची. एकदा तिने सांगितलं की कासवीण जगभर फिरते, पण जिथे स्वतः जन्मली त्याच बाजूच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी येते म्हण की," वेणूबाई म्हणाल्या.

"तसंच, आजी. माहेरवाशीणच."

ते शब्द तिने सहज टाकले. वेणूबाईंनी ते मनावर घेतले.

जानेवारीतल्या एका रात्री मी घरात अंथरूण घालत होते आणि समुद्राकडून माझ्या मुलीचा आवाज आला. "विझवा! तो दिवा आधी विझवा!" मधे दोन वाड्या आहेत आणि वारा उलटा होता, तरी एकेक अक्षर ऐकू आलं.

झालं होतं ते असं. त्या मोसमात पहिल्यांदाच फेरीच्या वेळी कासवीण वर आली होती. दोराला दोन हिसके बसले, माणसं खाली बसली. ती निम्मी वाळू चढून आली, आणि वाडीच्या दारातून वेणूबाई निघाल्या. नेसूची चांगली साडी, हातात ताट, ताटात हळदकुंकू, अक्षता आणि दोन पेटलेली निरांजनं. वाऱ्याने विझू नयेत म्हणून पदराचा आडोसा केलेला. माहेरवाशीण आली, तिला ओवाळायला नको? कासवीण थांबली. तिने मान वळवली, मग सगळं अंग वळवलं, आणि आली तशी निघून गेली. तेव्हा नूरैन ओरडली. वेणूबाईंच्या हातातलं ताट वाळूत पडलं.

दोर धरलेल्यांपैकी एकाने खिशात दुसरा फोन लपवून ठेवला होता. सकाळपर्यंत ते चित्रीकरण गावभर आणि गावाबाहेर गेलं. त्यात कासव दिसत नव्हतं. काळोखात एक म्हातारी, आरतीचं ताट, आणि आमच्या मुलीचा आवाज. "दिवा विझवा." बघणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ लावायचा तो लावला. दोन्हीकडच्या काही जणांनी असं काही लिहिलं की ते मी इथे उतरवणार नाही. इतकी वर्षं ज्या वाडीतून आमच्याकडे शहाळी येतात, तिचं दार दुसऱ्या दिवशी बंद होतं.

हमदुल्लाचाचांनी पंचायतीतल्या चार जणांना घेऊन रात्रीच्या फेऱ्या थांबवल्या. चुकीचं काही केलं नाही त्यांनी. गाव तापू नये एवढंच त्यांना हवं होतं. रात्री मस्कतहून फोन आला. तिथेही ते चित्रीकरण पोचलं होतं.

"बस झालं," नूरैनचे अब्बा म्हणाले. "इथे एका शाळेच्या ऑफिसात जागा होते आहे. मी तिला बोलावून घेतो. तिथे कोणाच्या तोंडात तिचं नाव नको."

"मोसम तरी संपू दे," मी म्हणाले.

"फेऱ्याच बंद आहेत तर मोसम कसला? शाळेला नाव कळवायचंय, तोवर थांबतो. तोवर गाडी रुळावर आली तर बोल. नाहीतर मी तिकीट काढतो."

त्यांनाही काळजीच होती. आमच्या घरात ती दोन्ही किनाऱ्यांवर राहते.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले, कारण नूरैन गप्प झाली. भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. जेवताना ती "मीठ दे" एवढं म्हणाली तरी मला बरं वाटायचं. मग एका सकाळी तिने ओढणी घेतली आणि म्हणाली, "अम्मी, मी वेणूआजींकडे चालले." मी चुलीवरचं दूध तसंच उतरवलं आणि मागे गेले. एकटीला पाठवायची माझी छाती नव्हती.

वेणूबाई पडवीत सुपारी कातरत होत्या. वर बघितलं नाही.

"आजी," नूरैन म्हणाली.

"ऐकू येतंय. बहिरी न्हाय झाले अजून. तुझी कृपा."

"मी ओरडायला नको होतं."

"तुला कोणी शिकवलं गो म्हाताऱ्या माणसावर ओरडायला?"

"कोणी नाही. जन्मल्यापासून येतं."

मी डोळे मिटले. अडकित्ता थांबला. वेणूबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

"लेक एवढ्या लांबून बाळंतपणाला आली," त्या म्हणाल्या, "आणि मी दारात दिवा घेऊन उभी न्हाय राहिले, तर मला काय म्हणावं? सांग. तूच म्हणालीस माहेरवाशीण."

नूरैन त्यांच्या पायाशी बसली. "आजी, आमची थोरली आतिफाआपा बाळंतपणाला आली होती, आठवतं? तुम्ही बघायला आलात तेव्हा खोलीत काय होतं?"

"काय असणार? काळोख. तुझ्या आईने खिडकीला गोधडी लावलेली. मी उंबऱ्याला ठेचकाळले."

"का लावली होती?"

"का म्हणजे? बाळंतिणीला उजेड सोसतो काय? डोळे जातात, वारं लागतं. आमच्यात पण..."

आणि त्या थांबल्या. कातरलेली सुपारी हातातच राहिली. त्यांनी वाडीच्या दाराकडे, दारापलीकडच्या वाळूकडे बघितलं.

"म्हणजे मी बाळंतिणीच्या खोलीत दिवा नेला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही लेकीला ओवाळायला आलात आजी. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. बडबड एवढी केली, तेवढंच राहिलं."

वेणूबाईंनी सुपारी तोंडात टाकली, चघळली. मग म्हणाल्या, "दिवा लागतोय कशाला? बाळंतीण घरी निघाली की भाकरतुकडा ओवाळतात. त्याला काय वात लागते?" आणि काठी घेऊन उठल्या. "चल. तो हमदुल्ला कुठे बसलाय?"

पंचायतीच्या ओट्यावर चाचा आणि आणखी पाचसहा जण होते. आम्ही तिघी येताना बघून सगळे सरसावून बसले. त्यांना वाटलं, आता भांडण होणार. भांडण झालंच, पण वेगळं.

"हमदुल्ला," वेणूबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तू जन्मलास तेव्हा खोलीत कंदील होता का रे?"

"मला काय आठवणार वेणूबाई?"

"मला आठवतंय. मी नवी नवरी होते, गरम पाणी घेऊन दारात उभी. तुझी आई माझ्या सासूला म्हणाली, कंदील बाहेर न्या, डोळ्यांवर येतो. काळोखात जन्मलेला तू, नि आता दुसऱ्याच्या बाळंतिणीच्या तोंडावर तो खांबावरचा दिवा मारतोस?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"पाहुणे काय म्हणतील? अंधार का म्हणून विचारतील."

"सांग, घरात बाळंतीण हाय."

"आणि फेऱ्या?"

"फेऱ्या ही पोर नेईल. मी पहिली गाठ धरणार. ज्याला काय लिहायचंय फोनवर, त्याने माझं नाव लिहावं."

त्याच संध्याकाळी चाचांनी हॅलोजनचा खटका स्वतःच्या हाताने बंद केला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या होमस्टेंनीही बंद केले. समुद्राकडच्या खिडक्यांना चादरी लागल्या. पाहुण्यांनी विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, "घरात बाळंतीण आहे." नाशिकहून आलेल्या एका बाईंनी ते इतकं खरं मानलं की दुसऱ्या दिवशी बाजारातून डिंकाचे लाडू आणून चाचांच्या सुनेच्या हातात दिले. सुनेचा धाकटा दहावीला आहे. तिने लाडू घेतले.

पण कासवीण येईना. रात्रीमागून रात्री दोर नुसताच जाऊन येत होता. वेणूबाई पदराच्या टोकाला भाकरीचा तुकडा बांधून यायच्या आणि सकाळी तो कोंबड्यांना घालायच्या. एकदा वळलेली पुन्हा या वाळूवर येईल की नाही, हे नूरैनलाही सांगता येत नव्हतं. गावात हळूहळू कुजबूज सुरू झाली की एवढा अंधार करून मिळालं काय. आज संध्याकाळी मस्कतहून पुन्हा फोन आला. शाळेला परवा नाव कळवायचं आहे. "आली का एखादी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग उद्या सकाळी मी तिकिटाचं बघतो," ते म्हणाले, आणि मी गप्प राहिले. माझ्या त्या गप्प राहण्याला त्यांनी होकार मानला असेल.

म्हणून आज रात्रीची, इशाची नमाज झाल्यावर मी चपला घातल्या आणि सुरूच्या झाडांखाली जाऊन उभी राहिले. नूरैनने मला बघितलं. "शेवटची गाठ रिकामी आहे," एवढंच म्हणाली.

पुढे ती, तिच्यामागे वेणूबाई, मग हमदुल्लाचाचा, मग पाहुणे, शेवटी मी. पायाखाली वाळू थंड होती. आपला किनारा मी एवढा काळा कधी बघितला नव्हता. एकही खिडकी नाही, एकही खांब नाही. लाटांचा पांढरा काठ तेवढा दिसायचा आणि जायचा. मला सवयीने वाटत होतं की आता कोणीतरी ठेचकाळेल आणि ही ओरडेल. हातातल्या दोराकडे मी असं लक्ष लावून होते की जणू तिची नाडीच बघते आहे.

एक हिसका बसला. थांबलो. मग दोन.

फेसात एक दगड होता. लाट गेली आणि दगड पुढे सरकला. ती वाळूवर आली, थांबली, नाक टेकवलं, पुन्हा ओढत ओढत वर. निम्म्यावर येऊन ती पुन्हा थांबली, आणि तिने मान वळवली, बरोबर त्या बाजूला जिथे चाचांचा खांब आहे. तिकडे काही नव्हतं. नुसता काळोख, बाळंतिणीच्या खोलीसारखा. ती पुढे निघाली.

सुरूच्या झाडांपासून चार हातांवर तिने खड्डा करायला घेतला. मागच्या पायांनी, न बघता, एकदा डावा, एकदा उजवा, ओंजळभर वाळू काढायची आणि बाजूला ठेवायची. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने पीठ इतक्या निगुतीने काढलेलं मी बघितलेलं नाही. अंडी घालायला लागल्यावर नूरैन मागच्या बाजूने सरपटत गेली आणि लाल कागद लावलेल्या छोट्या बॅटरीचा ठिपका खड्ड्यावर धरला. मग दोर हळूच ओढून एकेकाला पुढे घेतलं. ओली, पांढरी, गोल अंडी, दोन-तीन एकदम. चाचा "सुभानअल्लाह" पुटपुटले. वेणूबाईंनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की उद्या तिथे वळ दिसेल. माझी मुलगी सगळ्यांना हाताने दाखवत होती, बोटाने सांगत होती, डोळ्यांनी हसत होती. तिच्या तोंडातून एक शब्द आला नाही. इतकं बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

खड्डा बुजवून झाल्यावर कासविणीने सगळ्या अंगाने वाळू थापटली, धप्, धप्, आणि ती परत निघाली. वेणूबाईंनी पदराची गाठ सोडून भाकरीचा तुकडा काढला, चाचांनी बरोबर आणलेला पाण्याचा तांब्या पुढे केला. लांबूनच, उभ्या जागेवरून, वेणूबाईंनी तुकडा त्या काळ्या पाठीवरून ओवाळला आणि लाटेत टाकला. वर पाण्याची धार सोडली. लाट आली, पाठ चमकली, आणि मग नुसता समुद्र होता.

मग वेणूबाई म्हणाल्या, "ओरड गो आता. कोंडून मरशील."

आणि नूरैन ओरडली. दोन्ही हात वर करून, समुद्राकडे तोंड करून, पोटातून. शब्द नव्हतेच त्यात. सुरूतले बगळे उडाले, गावातली कुत्री उठली, जेटीवरच्या बोटीतून कोणीतरी उलट हाळी दिली. मग पाहुणे ओरडले, चाचा ओरडले, आणि मीही ओरडले असेन, कारण आता माझा घसा बसला आहे.

ती अजून तिथेच आहे. वनखात्याच्या माणसाबरोबर अंडी कुंपणात हलवायची आहेत, उजाडेपर्यंत चालेल. वेणूबाई तिच्याजवळ चटई टाकून बसल्या आहेत, घरी जा म्हटलं तर ऐकत नाहीत. चाचांनी जाताना उंबऱ्यावर थांबून मला सांगितलं, "नूरैनच्या अम्मी, पुढच्या मोसमाला दुसरा दोर लागेल. माझ्याकडे आहे."

काळजी आहेच. उद्या ती कोणावर ओरडेल, कोण ते फोनमध्ये धरेल, हे मला माहीत नाही. पण मस्कतचं घड्याळ आपल्या मागे असतं. तिथे अजून दुकान आवरून जेवणं चालली असतील, तिकीट अजून निघालेलं नसेल. सकाळपर्यंत थांबायचं नाही. हे पान इथेच ठेवते आणि त्यांना फोन लावते. बसलेल्या घशाने का होईना, या वेळी गप्प राहणार नाही.